कयाकची पुढची सीट

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या लग्नात. तोवर बरीच वर्षं मी तो वर्गात शिकवत होतो. म्हैसूरच्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर. फळ्यावर निळ्या खडूनं लाटा काढायचो, निळा संपला की हिरव्या. बायको कारवारची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिकडच्या मंडळींनी नव्या जावयाला कौतुकानं किनाऱ्यावर नेलं. मी बूट न काढता पाण्याच्या कडेला उभा राहिलो आणि मेहुण्यांना भरती का येते ते समजावून सांगायला लागलो. चंद्राच्या आकर्षणापर्यंत पोचलो असेन नसेन, परतणाऱ्या लाटेनं बुटाखालची वाळू ओढून नेली आणि मी सुटासकट बसलो.

"मास्तर, तास संपला. उठा," बायको म्हणाली. चारचौघांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढं आयुष्यभर मी तिचा मास्तरच राहिलो.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतलं. कुणीतरी पूर्वज घोड्यावर बसून इकडे आला आणि इथलाच झाला. पाण्याशी आमचा संबंध घोड्याला पाजण्यापुरता. पोहता कुणालाच येत नाही. घरात आम्ही मराठी बोलतो अशी आमची समजूत आहे. "सुम्ने बसू नको गं, बेगा बेगा आवर," असं माझी आई म्हणाली की कारवारहून आलेली ही सून माझ्या तोंडाकडे बघायची; उगाच बसू नको, लवकर आवर, एवढाच त्याचा अर्थ, हे तिला मी मागून सांगायचो.

मुलगा सगळाच तिच्यावर गेला. कॉम्प्युटरच्या नोकरीतून सुट्टी मिळाली की गावाबाहेरच्या वरुणाच्या तळ्यावर कयाक चालवायला जायचा, कधी तिलाही न्यायचा. कयाक म्हणजे शेंगेसारखी लांबट, अरुंद होडी. तिच्यात पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. एका रविवारी त्यानं आमच्या म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घरात जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला.

"आई, कारवार ते होन्नावर. समुद्रातून. दोन सीटची कयाक भाड्यानं मिळते. आपण दोघं."

ती ताटं उचलत होती. ती तशीच हातात धरून म्हणाली, "पुढची सीट माझी."

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्यानं वल्ह्याची लय धरायची असते आणि मागच्यानं ती पाळत होडी वळवायची. बायको रोज सकाळी तलावावर पोहायला जायची, खांदे मजबूत होते. मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मी नियोजन स्वतःकडे घेतलं. "भूगोल कुणाचा आहे या घरात?" असं म्हणून नकाशा माझ्या बाजूला ओढला.

बरेच दिवस खपून मी आराखडा केला. होन्नावरहून निघायचं, कुमठा, गोकर्ण, बेलेकेरी करत कारवारला संपवायचं. म्हणजे शेवटचा मुक्काम हिच्या माहेरी, गरम पाणी, ताटात मासे. मुलगा त्या कागदाकडे बघत राहिला.

"अप्पा, दुपारचा वारा कुठून येतो?"

"समुद्राकडून जमिनीकडे. लहान वर्गातला धडा आहे."

"आपल्या किनाऱ्यावर तो वायव्येकडून येतो. तुम्ही आम्हाला उत्तरेला पाठवताय. रोज तोंडावर वारा."

हा वारा मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवला होता. बाण चुकवणाऱ्या पोरांचे मार्क कापले होते.

"आणि ही अंतरं? ही समुद्रातली वाटत नाहीत."

"बसच्या वेळापत्रकातली आहेत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

बायको खुर्चीवर बसून हसायला लागली. "मास्तर, कंडक्टरलाही बरोबर देताय का? की तिकिटं आम्हीच फाडायची?"

मग त्यांनी दिशा उलटी केली. सुरुवात कारवारहून, पहाटे निघायचं, वारा उठायच्या आत वाळूवर उतरायचं, राहिलं थोडं तर दुपारी वारा पाठीशी घेऊन. माझ्याकडे सामानाचं खातं राहिलं. कयाकच्या पोटात सामान ठेवायला एक गोल झाकण असतं, केवढं ते मी पाहिलेलं नव्हतं. मी कुकर घेतला होता. मुलगा तळ्यावरून येताना त्या झाकणाचं माप दोरीनं घेऊन आला आणि ती दोरी माझ्या कुकरभोवती गुंडाळायचा प्रयत्न करत बसला.

खरा पेच तारखेचा झाला. मुलाला अष्टमी हवी होती. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी मंद असते, गंगावळी आणि अघनाशिनी या नद्या जिथं समुद्राला मिळतात तिथली ओढ कमी होते. अमावास्या-पौर्णिमेला तिथं लहान होडीचे हाल. हे सगळं खरंच होतं. पण आमच्याकडे अष्टमी-नवमीला कुणी उंबरा ओलांडून प्रवासाला निघत नाही. मी विज्ञाननिष्ठ माणूस. वर्गात ग्रहणाच्या वेळी शेंगदाणे खाऊन दाखवले आहेत. पण बायको आणि मुलगा समुद्रात जाणार म्हटल्यावर माझी निष्ठा डळमळली. समुद्राला अष्टमी हवी आणि भिंतीवरच्या फोटोतल्या आईला ती चालेना.

तोड मीच काढली. प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना, तिथी कुठली का असेना, ती पिशवी उचलायची आणि तसंच पुढं जायचं. म्हणजे माणसं घरात जेवतायत, झोपतायत, पण हिशेबानं वाटेला लागलेली.

"छान," बायको म्हणाली. "यमालाही बसच्या वेळापत्रकावर फसवताय."

तरी षष्ठीला तिनं पिशवी भरली. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, स्वतःचा एक सलवार-कमीज आणि उन्हाची टोपी. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंकडे नेऊन ठेवली. त्या कन्नड बोलणाऱ्या, रीतीभातीच्या. त्यांनी पिशवी देवाच्या फळीखाली ठेवली, वर कुंकू लावलं.

सप्तमीला सकाळी दारात रांगोळी काढायला बायको बसली आणि तिला उठता येईना. पोटात कळ. डोळे पिवळे दिसतायत हे मुलाच्या लक्षात आलं, माझ्या नाही. दवाखाना, तपासण्या, घर, पुन्हा दवाखाना. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत ती गेली. याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही, आणि गंमत करून लिहिण्यासारखं त्यात काही घडलं नाही.

घरात आम्ही दोघं उरलो. एका घरात दोन भाडेकरू असतात तसे. "जेवलास?" "हूं." "उशीर होईल?" "गोत्तिल्ला." माहीत नाही एवढं सांगायलाही तो कन्नडवर यायचा; मराठी तो आईशीच बोलत असे. मी माझे जुने किस्से काढून बघितले. सुटासकट बसल्याचा काढला. तो ऐकून घ्यायचा, ताट विसळायचा आणि खोलीत जायचा.

पिशवी समोरच्या घरात होती. आणायला मी कितीतरी वेळा गेलो. "बन्नी मेष्ट्रे, या मास्तर," असं म्हणून त्या बाई कॉफी द्यायच्या, आपल्या कडबोळ्यांसारखी कोडबळी द्यायच्या. माझी नजर देवाच्या फळीखाली जायची, त्यांचीही जायची, मग आम्ही दोघं पाण्याच्या टाकीविषयी बोलायचो. परत येताना माझ्या हातात पिशवीऐवजी कोडबळ्यांचा डबा असायचा. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माझं वजन वाढलं. दुःखानं माणूस वाळतो म्हणतात. मी ते तेवढंही नीट केलं नाही.

दसरा झाल्यावर एकदा मुलानं अचानक विचारलं, "आईची पिशवी कुठं आहे?"

"समोर."

"अजून? चला."

दोघं गेलो. त्यानं सरळ मागितली. बाईंनी पदर तोंडाला लावला. "अय्यो, कशी देऊ रे मगा, बाळा?" असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "मीच आणून दिली असती, पण प्रस्थान परत करायचं नसतं. निघणाऱ्यानं उचलायचं असतं. रोज दिवा लावताना तिच्याकडं बघते, म्हणते, नाळे, उद्या नेतील."

मुलानं वाकून फळीखालची पिशवी उचलली. मग म्हणाला, "मी निघणार आहे, अज्जी. या पुष्यात. म्हणून नेतोय."

पुष्यात, म्हणजे आपल्या पौषात, तो निघणार हे मलाही तिथंच कळलं.

घरी येऊन त्यानं टेबलावर पिशवी उघडली. तांदळात सोंडे झाले होते. टोपीवरून, सलवारीवरून आरामात फिरत होते. मुलगा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आईनं एवढे पाहुणे बरोबर घेतलेले?" आणि हसला. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता टोपी झटकायला लागला, आणि मग ती तोंडावर धरून तसाच बसून राहिला. मी सोंडे वेचत होतो.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "पुढची सीट?"

"रिकामी."

"मी बसतो."

"तुम्ही? अप्पा, तुम्हाला पोहता येत नाही. बादलीतलं पाणी डोक्यावर घेताना डोळे मिटता."

"शिकेन."

मला कारवार-होन्नावरशी काही देणंघेणं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की या मुलानं माझ्याशी बोलावं, आणि या सफरीखेरीज त्याच्याकडे दुसरं बोलणं नव्हतं. सफर दोघांची झाली तर झाली. नाही तर आम्ही त्याच दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून म्हातारे होणार होतो, मी थोडा आधी.

त्यानं एक अट घातली. "होडी उलटली तर पाण्यातून परत वर चढता आलं पाहिजे. मी धरीन. चढायचं तुम्ही."

दर रविवारी वरुणाच्या तळ्यावर जायला लागलो. लाईफ जॅकेट घातल्यावर मी बटाट्याच्या पोत्यासारखा दिसतो हे तिथल्या शिकवणाऱ्यानं सांगितलं नाही, पण बकल लावताना त्यानं श्वास रोखायला लावला तेव्हा मी समजलो. मी पुढं, मुलगा मागं. लय मी धरायची आणि त्यानं पाळायची. जन्मात पहिल्यांदा हा मुलगा माझ्याप्रमाणे वागणार ही कल्पना मला इतकी आवडली की तो वागतोय का ते पाहायला मी सारखा मागं वळायचो, आणि माझं वल्हं त्याच्या वल्ह्यावर खाडकन आपटायचं.

"अप्पा, माझ्याकडे बघू नका. पाण्याकडे बघा."

"पाण्याकडे बघितलं की भीती वाटते."

"मग लांब बघा. त्या झाडाकडे."

हळूहळू जमायला लागलं. काठाकाठानं आम्ही सरळ जायचो, म्हणजे तो मागून सरळ न्यायचा. परतीच्या वाटेवर बन्नूरकडून येणारे उसाचे ट्रॅक्टर पुढं असायचे, त्यांच्यामागं गाडी रांगायची, आणि तेवढ्यात तो बोलायचा. पायात गोळे आले तर काय करायचं. वाळूवर होडी लावताना लाट कशी मोजायची. एकदा, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाला, "आईचा हात लांब पडायचा. मागं बसलं की कळायचं, बरोबर कोणी आहे." पुढं तो ट्रॅक्टर वळला आणि रस्ता मोकळा झाला, याचं मला फार वाईट वाटलं.

उरलं होतं ते उलटणं. होडी मुद्दाम उलटवायची, पाण्यात पडायचं, तिची कड धरून छाती वर घ्यायची, पोटावर सरकत आत यायचं. काठाजवळ, पाय तळाला टेकत असताना, मला ते दोनदा जमलं. मी समोरच्या बाईंनाही सांगून आलो. मग तळ टेकणार नाही अशा जागी गेलो. मुलगा म्हणाला, "एक, दोन," आणि होडी उलटली.

पायाखाली काही नाही, हे माझ्या पायांना कधीच माहीत नव्हतं. जॅकेट मला वर धरून होतं, सगळं ठीक होतं, हे मला नंतर समजावण्यात आलं. त्या वेळी मला फक्त एक मान दिसली आणि मी ती धरली. दोन्ही हातांनी. मुलगा खाली गेला. तो माझी बोटं सोडवत होता आणि मी आणखी घट्ट धरत होतो. शिकवणारा त्याची होडी घेऊन जवळच थांबला होता, त्यानं मला कॉलरला धरून ओढलं, तेव्हा माझे हात सुटले.

काठावर मुलगा गवतात बसून खोकत होता. त्याच्या मानेवर माझ्या नखांचे लाल ओरखडे उठले होते. मी शेजारी बसलो. शिकवणाऱ्यानं टॉवेल दिले आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

"अप्पा, मी तुम्हाला नेत नाही."

"अरे, पुढच्या रविवारी पुन्हा एकदा..."

"नाही. तिथं तुम्ही असं धरलंत तर मला तुमचे हात सोडवायला लागतील. मला ते करता येणार नाही. आज कळलं. मग दोघंही जाऊ."

मी म्हणालो, "बरंच झालं. मी तसाही उन्हानं काळा पडतो."

तो हसला नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

दोन सीटची कयाक रद्द करायचा फोन मीच केला. नियोजन माझ्याकडे होतं ना. पलीकडचा माणूस सभ्य होता. विचारलं, "सर, पुढच्या सीटवर बसणार होते त्यांना काय झालं?"

"त्यांना येता येणार नाही," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर हे मी कुणाबद्दल बोललो ते माझं मलाच सांगता येईना.

कारवारचा एक गट त्याच दिवसांत निघत होता, त्यांच्याबरोबर एका सीटच्या कयाकमध्ये मुलगा जाणार असं ठरलं. अष्टमीलाच घरून निघाला. प्रस्थान ठेवू का असं मी विचारलं नाही. त्यानं पाठीवर सॅक घेतली, "येतो अप्पा" म्हणाला, आणि मी बस-स्टँडपर्यंत येऊ का म्हणेपर्यंत रिक्षा वळली होती.

चार-पाच मुक्कामांची सफर. तो चौथ्याच दुपारी परत आला. बेल वाजली तेव्हा मला वाटलं कोडबळी आली. दारात मुलगा. नाक सोललेलं, ओठ फुटलेले.

"लागलं का कुठं?"

"नाही."

"वारा?"

"पाठीशी होता. पाणी शांत. सगळं ठरवल्यासारखं." तो टेबलाशी बसला. "गोकर्णला उतरलो आणि बस पकडली."

मी उप्पिट टाकलं. रवा भाजत असताना मागं न बघता विचारलं, "का रे?"

"एका सीटच्या होडीत पुढं नुसतं पाणी असतं. मी सारखा तिथं बघत होतो."

उप्पिट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चमचा घेतला, खाल्लं नाही.

"अप्पा, मी ऑफिसात असताना आई तुमच्याशी बोलत असेल ना? या ट्रिपबद्दल. काय म्हणायची? सांगा."

हे मला आवडतं काम. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला. कंडक्टरचं सांगितलं. यमाला वेळापत्रकावर फसवल्याचं सांगितलं. कुकर बघून ती काय म्हणाली होती ते हातवारे करून सांगितलं.

"हे नाही," तो म्हणाला. "हे मला माहीत आहे. मी तिथंच होतो. हे तुमच्याबद्दल आहे. ती स्वतःबद्दल काय म्हणायची?"

मी शोधायला लागलो. कितीतरी दुपारी ती माझ्यासमोर याच टेबलाशी भाजी निवडत बोलत बसायची. कुठं उतरायचं, कुणाला भेटायचं, लहानपणी कुणाबरोबर कुठं गेली होती. तिचे हात आठवले, निवडलेल्या मेथीचा ढीग आठवला. शब्द आठवेनात. तिची जी वाक्यं माझ्यापाशी होती ती सगळी माझ्यावरची. बाकीच्या वेळी ती बोलत असताना आपण आता काय मजेदार बोलावं, याच्या विचारात मी असायचो.

"आठवत नाही रे," मी म्हणालो.

तो रागावेल असं वाटलं. तो उप्पिटातली मोहरी चमच्यानं बाजूला करत राहिला. मग खाली बघतच बोलायला लागला, मराठीत, अडखळत, आणि मध्येमध्ये तिचा कारवारचा हेल येत होता.

"तिला बेलेकेरीला उतरायचं होतं. तिथं तिच्या मावशीचं घर होतं. आता नाही, पण विहीर असेल म्हणायची. लहानपणी मावशी तिला होडीतून न्यायची, आणि अर्ध्या वाटेवर ती घाबरून रडायची. एकदा मावशीनं होडी थांबवली आणि म्हणाली..."

त्याला पुढचं नीट सांगता येईना. शब्द कन्नडमध्ये येत होता आणि तो त्याला मराठीत हवा होता. तेवढ्यात माझ्या तोंडाशी एक विनोद आला, बराही होता. मी तो गिळला.

"मग?" मी विचारलं. "मावशी काय म्हणाली?"